खामगावची गाठ आणि वरळीची चाळ

स्थानिक स्वराज्य हा शब्द उच्चारला की ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद या तीन संस्था आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. त्यांच्या निवडणुका होतात, सभा भरतात, सभांत खडाजंगी होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिची वर्णने छापून येतात. म्हणून त्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु माणसांच्या राहत्या वस्तीचा कारभार पाहणारा संस्थांचा आणखी एक वर्ग सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे नांदत आहे, आणि त्याच्याकडे सामान्य नागरिकाचे लक्ष क्वचितच जाते. त्यांची नावे निरनिराळी : कधी ट्रस्ट, कधी बोर्ड, कधी मंडळ, महामंडळ किंवा प्राधिकरण. त्यांचे लक्षण मात्र एकच. एखादे ठराविक काम करण्यासाठी कायद्याने त्यांना जन्म दिलेला असतो. जमीन घेण्याचा, घरे पाडण्याचा, घरे बांधण्याचा व भाडे वसूल करण्याचा अधिकार त्यांना असतो. पण त्या घरांत राहणाऱ्या माणसाचे मत त्यांना लागत नाही.

हा विषय मुंबईचा. बुलढाण्याच्या श्रोत्यांना त्याचे काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर इतिहासातच आहे. १९२० साली मुंबई सरकारने कामगारांसाठी चाळी बांधण्याचे ठरविले, तेव्हा पैसा उभा करण्याकरिता मुंबई शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसविला. मुंबईला कापूस पाठविणाऱ्या मुलखांत वऱ्हाड अग्रभागी होता, आणि वऱ्हाडच्या कापूस बाजारांत खामगावचे नाव फार मोठे होते. वरळीच्या आणि नायगावच्या चाळींच्या पायात वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकलेल्या कापसाचा पैसा आहे, तो असा. तेव्हा त्या चाळींचा इतिहास विचारण्याचा आपल्याला पुरता अधिकार आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयांत आणि वाटाघाटींच्या टेबलावर. त्या शिक्षणाने आम्हांला कोणत्याही संस्थेकडे पाहताना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावली. पैसा कोणाचा? निर्णय कोणाचा? आणि हिशोब कोणापुढे? याच तीन प्रश्नांच्या मापाने आम्ही हा इतिहास मोजणार आहोत.

कापसाचा बाजार

प्रारंभ घरापासूनच करू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. खामगाव त्या काळी अकोला जिल्ह्यात होते. ते बुलढाणा जिल्ह्यात आले १९०५ च्या फेररचनेत. कापूस लवकर मुंबईस पोचावा म्हणून जलंब ते खामगाव हा लहानसा रेल्वेफाटा १८७० मध्ये सुरू झाला. जीन आले, प्रेस आले. गाड्यांच्या रांगा, अडते, दलाल, मापारी आणि हमाल यांनी गाव गजबजून गेले.

बाजार वाढला तशी लबाडीही वाढली. वजनात मारणे, मापात मारणे, धर्मादायाच्या व कडत्याच्या नावाखाली कापून घेणे हे प्रकार नित्याचे झाले. यावर उपाय म्हणून १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा तो आद्य कायदा मानला जातो. त्याने बाजाराच्या कारभारासाठी समित्या नेमल्या. एका विशिष्ट कामासाठी, एका विशिष्ट हद्दीत, कायद्याने निर्माण केलेली स्वतंत्र संस्था, असा नमुना आपल्या मुलखात या समित्यांनी रुजविला.

आता आमचे तीन प्रश्न विचारा. पैसा कोणाचा? गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या मालावरील फीचा. निर्णय कोणाचा? समितीवर व्यापारी होते व नगरपालिकेची माणसे होती. शेतकऱ्याला जागा नव्हती. हिशोब कोणापुढे? उत्पन्नातून शिल्लक उरे ती नगरपालिकेच्या कामी जाई. म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या पैशावर गावात सोयी होत. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारांतील या उणिवेवर बोट ठेवले. कायदा शेतकऱ्याच्या रक्षणासाठी होता, हे खोटे नव्हे. पण ज्याचे रक्षण करावयाचे, त्यालाच उंबरठ्याबाहेर उभे केले होते. हीच गोष्ट मुंबईत घरांच्या बाबतीत कशी घडली ते पाहू.

प्लेग आणि ट्रस्ट

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हीगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहर ओस पडले. कामगार कोकणाची व देशाची वाट धरून गेले. गिरण्या, गोदी आणि व्यापार ठप्प होण्याची पाळी आली. त्या काळच्या वैद्यकाची समजूत अशी होती की, रोगाचे मूळ अंधाऱ्या, कोंदट व दाट वस्तीत आहे. उंदीर व पिसू यांचा संबंध पुढे सिद्ध झाला. तेव्हा वस्ती मोडली, हवा खेळती केली की रोग जाईल, असा निष्कर्ष निघाला आणि १८९८ च्या कायद्याने मुंबई शहर सुधारणा ट्रस्टची स्थापना झाली. ग्लासगो शहराने १८६६ मध्ये असाच कायदा करून गलिच्छ वस्त्या पाडल्या होत्या. तो नमुना डोळ्यांसमोर होता.

येथे एक प्रश्न उभा राहतो. मुंबईत महानगरपालिका होती, १८८८ च्या कायद्याने तिची घडीही बसली होती. मग हे काम तिच्याकडे का दिले नाही? महापालिकेचे ७२ सभासद होते आणि त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडलेले असत. हे करदाते म्हणजे बहुतांशी घरमालक. चाळी पाडण्याचे काम चाळमालकांच्या प्रतिनिधींकडून होणार नाही, असे सरकारचे म्हणणे. त्यात तथ्य होते. परंतु यावर दोन उपाय संभवत होते. एक, भाडेकरूंना मत देऊन महापालिका रुंद करावी. दुसरा, महापालिकेला बाजूला सारून नवी संस्था उभारावी. सरकारने दुसरा मार्ग निवडला. विशिष्ट कार्यासाठी नेमलेल्या संस्थांचा इतिहास पाहिला तर बहुधा हेच दिसते : लोकांचा प्रतिनिधी अडचणीचा वाटला की नवे मंडळ जन्मास येते.

ट्रस्टवर १४ विश्वस्त होते. त्यांत सेनाधिकारी, कलेक्टर व म्युनिसिपल कमिशनर हे तीन पदसिद्ध; महापालिकेने निवडलेले चार; व्यापाऱ्यांचे चेंबर, पोर्ट ट्रस्ट व गिरणीमालकांचा संघ यांचा प्रत्येकी एक; आणि उरलेले सरकारने नेमलेले. गिरणीमालकाला खुर्ची मिळाली, गिरणीत काम करणाऱ्याला मिळाली नाही. वर महापालिकेने दरवर्षी आपल्या उत्पन्नातून ट्रस्टला वर्गणी द्यावी, अशी सक्ती. पैसा शहराचा, निर्णय चौदा जणांचा.

ट्रस्टने काय केले

कोणत्याही संस्थेचे गुण झाकून ठेवणे हे इतिहासाला शोभत नाही. ट्रस्टने मुंबईला जे दिले ते आजही मुंबईला पुरत आहे. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, महंमद अली रोड हे रुंद रस्ते तिनेच काढले. दादर व माटुंगा येथील शेतजमिनीवर आखीव वसाहती तिनेच बसविल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्स ही तिचीच देणगी. ट्रस्टचे एक अध्यक्ष ऑर यांनी उजेडाचा एक नियम घालून दिला. खोलीच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांची रेषा आकाशाकडे काढली, तर तिच्या आड दुसरी इमारत येता कामा नये. सोप्या भाषेत सांगायचे, तर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सुटली पाहिजे. गरिबाच्या खोलीत सूर्य शिरावा याचा हिशोब भूमितीने मांडणारा हा अधिकारी आमच्या आदरास पात्र आहे.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नागपाड्यापासून ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडण्याचा सपाटा लावला. पाडणे सोपे, बांधणे अवघड. ज्यांची घरे गेली त्यांच्यापैकी थोड्यांनाच ट्रस्टच्या चाळीत खोली मिळाली. उरलेल्यांनी काय करावे? गोदी, गिरणी, बाजार यांच्यापासून ते दूर जाऊ शकत नव्हते. कारण रोजचे काम दारात उभे राहून मिळवावे लागे. ते शेजारच्या गल्लीत शिरले. तेथे गर्दी वाढली आणि भाडेही वाढले. एका गल्लीतला अंधार दूर करताना तो दुसऱ्या गल्लीत लोटला गेला. आणि ज्या मोकळ्या जागेत कामगारांची वस्ती होईल अशी आशा होती, त्या दादर-माटुंग्याला कारकून, वकील, डॉक्टर असा मध्यमवर्ग राहावयास गेला.

याच काळातील दोन उदाहरणे आम्हांला मोलाची वाटतात. पहिले गावदेवीचे. तेथे ट्रस्टकडून भाडेपट्ट्याने जमीन घेऊन सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेने १९१५ मध्ये काम सुरू केले. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रवर्तक. जमीन ट्रस्टची, पण इमारतीचा कारभार राहणाऱ्यांचा. सभा त्यांची, हिशोब त्यांच्यापुढे. सहकारी गृहनिर्माणाच्या चळवळीचे मूळ येथे आहे. मात्र यासाठी हाताशी भांडवल लागे आणि ते पगारदार पांढरपेशांजवळच होते.

दुसरे उदाहरण परळच्या ट्रस्ट चाळीचे. या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वास्तव्य सुमारे २२ वर्षे, १९३४ पर्यंत होते. उच्च शिक्षणासाठी ते परदेशी गेले ते येथून, परत आले ते येथे, आणि महाडचा सत्याग्रह झाला तेव्हाही त्यांचे घर याच चाळीत होते. दोन खोल्यांचा हा भाडेकरू पुढे देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला आणि त्या संविधानाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. परंतु ज्या चाळीत तो राहत होता, तिची मालकीण असलेल्या ट्रस्टवर चाळकऱ्यांचा प्रतिनिधी नव्हता.

गाठीमागे १ रुपया

पहिल्या महायुद्धात मुंबईची वस्ती फुगली, भाडी भडकली, आणि १९१८ मध्ये सरकारला घरभाडे नियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९१९ व १९२० च्या आरंभी गिरण्यांत मोठे संप झाले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी घरांचा प्रश्न एका झटक्यात सोडविण्याचे मनावर घेतले, आणि १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे स्वतंत्र खाते निर्माण केले. लोक त्याला बीडीडी म्हणू लागले. म्हणजे महापालिका होतीच, तिच्यावर ट्रस्ट होता, आणि आता ट्रस्टवर हे खाते आले!

योजना ५०,००० खोल्यांची होती. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मध्ये बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, चाळीत एकूण ८० बिऱ्हाडे, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास मजल्यावर सामाईक. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे. चाळी भक्कम झाल्या यात संशय नाही. शंभर वर्षे त्या उभ्या राहिल्या.

आणि मग विलक्षण गोष्ट घडली. घरांच्या दुष्काळात या खोल्या रिकाम्या पडल्या! १९२० च्या दशकाच्या अखेरीस कित्येक हजार खोल्यांना भाडेकरू नव्हते. कामगार कृतघ्न होता काय? कामगाराला विचारले असते तर त्याने खोल्या बांधण्याआधीच कारण सांगितले असते. वरळी गिरण्यांपासून दूर. पहाटेच्या भोंग्याला पायी पोचायचे कसे? जवळ बाजार नाही, वाण्याची उधारी नाही, गाववाले नाहीत. खोलीत हवा खेळत नाही. भाडे मात्र कामगाराच्या ऐपतीला पेलवत नाही. कामगार घर निवडतो तेव्हा चार भिंतींसह उधार देणारा दुकानदार, आजारपणात धावून येणारा शेजारी, जेवण घालणारी खानावळ आणि कामाची खबर देणारा मुकादम हे सारे निवडत असतो. इंजिनियरच्या नकाशात यांतले काहीच नव्हते. रिकाम्या चाळींचा उपयोग सरकारने पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात असा केला की, वरळीस सत्याग्रह्यांसाठी तात्पुरता तुरुंग उघडला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत अशा रीतीने राजबंदी राहून गेले.

याच खात्याकडे बॅकबे भरून काढण्याचे काम होते. त्यात पाण्यासारखा पैसा गेला. वीर नरिमन यांनी त्या कारभारावर तोफ डागली. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. न्यायालयाने नरिमन यांना निर्दोष सोडले. चौकशी समिती बसली, योजना आवरती घ्यावी लागली. आज ज्याला नरिमन पॉइंट म्हणतात ती जागा त्याच बॅकबेच्या भरावातील, हा इतिहासाचा न्याय आहे. परंतु लक्षात घ्या : खात्याचा हिशोब मागायला खटला अंगावर घ्यावा लागला. निवडलेल्या सभेपुढे नित्य हिशोब ठेवण्याची शिस्त नसली, म्हणजे हिशोब मागणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

चाळकऱ्यांचे स्वराज्य

पुढे भाडी उतरली, वस्ती सरकली, ट्राम-बसगाड्या पोचल्या आणि चाळी भरल्या. भरल्या त्या कोकणातील, घाटावरील, देशावरील माणसांनी. मत नाही, खुर्ची नाही, तरीही या माणसांनी आपले एक स्वराज्य उभारले. पाण्याची पाळी मजल्यावरच ठरे. भांडण चाळीच्या पंचांपुढे मिटे. गणेशोत्सव आणि आंबेडकर जयंती चाळीच्या वर्गणीने होई. व्यायामशाळा, भजनी मंडळे, वाचनालये, कबड्डीचे संघ, गावची मंडळे हे सारे खोलीबाहेरच्या बोळात आणि दोन चाळींमधल्या अंगणात जन्मले. १९२८ चा गिरणी संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत टिकला, तो केवळ पुढाऱ्यांच्या भाषणांवर टिकला नाही. उधार देणारा दुकानदार, खोलीत आणखी एकाला सामावून घेणारे बिऱ्हाड आणि गिरणगावाची चाळीचाळीतून विणलेली वीण यांवर तो टिकला. गिरणी कामगार युनियनच्या सभा या वस्तीतच भरत.

आम्हांला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. गरीब माणसाला कारभार कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी तज्ज्ञांचे मंडळ हवे, हा युक्तिवाद चाळींनी स्वतः खोडून काढला आहे. एका नळावर ज्यांनी दोन पिढ्या वीस बिऱ्हाडांचे पाणी भांडत, समजावत वाटून दिले, त्यांना ट्रस्टचे अंदाजपत्रक कळले नसते, असे म्हणणे कठीण आहे.

इकडे कायद्याची गाडीही हळूहळू पुढे सरकत होती. १९२२ मध्ये दरमहा किमान १० रुपये भाडे भरणाराला महापालिकेचे मत मिळाले. एका खोलीचे भाडे त्याहून कमी असल्याने बहुसंख्य कामगार तेव्हाही बाहेरच राहिले. परंतु भाडेकरू हा नागरिक आहे, हे तत्त्व मान्य झाले. १९३३ मध्ये सुधारणा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, आणि त्याच्या चाळी लोकनियुक्त सभेच्या हाती आल्या. १९४८ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. ट्रस्ट स्थापन झाल्यापासून चाळकऱ्याला पुरे मत मिळेपर्यंत ५० वर्षे लागली.

स्वराज्यातील मंडळे

स्वराज्य आले, पण मंडळांची परंपरा खंडित झाली नाही. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आधीच स्थापन झाला होता. नागपूरला महानगरपालिका झाल्यावरही तो राहिला, आणि एका शहरात दोन धनी कशाला, हा वाद तेथे पुनःपुन्हा उठत आला. विदर्भासाठी विदर्भ गृहनिर्माण मंडळ होते. १९७६ च्या कायद्यान्वये अशी मंडळे एकत्र करून १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाले. आपला बुलढाणा जिल्हा त्याच्या अमरावती मंडळाकडे येतो. १९७० मध्ये सिडको आली. तिने खाडीपलीकडे नवी मुंबई वसविली. आखणी उत्तम, रेल्वे स्थानके देखणी. पण तेथील महानगरपालिका अस्तित्वात आली १९९२ मध्ये, आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. शहर उभे राहिले, मुले शाळा संपवून नोकरीला लागली, तरी त्या उपनगरांतील रहिवाशाला शहराच्या कारभारात मत नव्हते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. ही मोठी गोष्ट झाली. तथापि त्याच दुरुस्तीत एक फट आहे. एखाद्या क्षेत्रात कारखाना नागरी सोयी पुरवीत असेल, तर राज्यपाल ते क्षेत्र औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात, आणि मग तेथे नगरपालिका नसली तरी चालते. कामगाराला मालकाच्याच नळाचे पाणी, मालकाचाच रस्ता आणि मालकाचाच दिवा. अशा ठिकाणी पाण्याची तक्रार करणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे ठरू शकते, हे संघटनेचे काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत अशा विशिष्ट कार्याच्या संस्था ३८ हजारांहून अधिक आहेत. कोणी पाण्यापुरती, कोणी आगीच्या बंबापुरती, कोणी वस्तीपुरती. फ्लॉरिडा राज्याने १९८० मध्ये निवासी वसाहतींसाठी एक कायदा केला. वसाहत बांधणारा विकासक असे मंडळ स्थापन करू शकतो, ते कर्ज काढते, रस्ते व गटारे करते, आणि घरमालकांवर पट्टी बसविते. आरंभी मत जमिनीला असते, एकरामागे एक. म्हणजे सारी सत्ता विकासकाची. परंतु सामान्यतः सहा वर्षे झाली आणि वस्तीत २५० मतदार भरले, की मंडळाच्या जागा टप्प्याटप्प्याने रहिवाशांच्या मताने भरू लागतात. दोष त्यातही आहे : कर्ज विकासकाचे मंडळ काढते आणि फेडतो रहिवासी. तरीही सत्ता केव्हा सोडायची याची मुदत कायद्यातच लिहिलेली आहे, ही गोष्ट आपण घेण्याजोगी आहे.

आपल्या दारातले

परंतु घेण्याजोगा धडा केवळ परदेशातच आहे असे नाही. १८९७ च्या बाजार समितीत शेतकऱ्याला जागा नव्हती. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बाजार समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बहुसंख्य झाले. त्याच बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालासाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचे ते फळ. माथाडी मंडळ हीसुद्धा विशिष्ट कार्याचीच संस्था; पण तिच्यावर कामगारांचे व मालकांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि सरकारचे प्रतिनिधी असतात. ज्याच्या मजुरीचा पैसा, तो मंडळाच्या टेबलापाशी बसतो. या मंडळांत गैरकारभार होतच नाही असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे इतकेच की, गैरकारभार झाला तर त्याला आतून विचारणारा माणूस तेथे असतो. जे हमालाला मिळाले, ते भाडेकरूला व वसाहतीतल्या रहिवाशाला का मिळू नये?

आमच्या जिल्ह्यात काम करताना एक अनुभव आम्हांला वारंवार आला. शासकीय मंडळाने बांधलेली वसाहत असते. रस्ता उखडला की नगरपालिका म्हणते, वसाहत अद्याप आमच्याकडे हस्तांतरित झालेली नाही. मंडळाकडे जावे तर ते म्हणते, आमचे काम घरे बांधून देण्याचे, ते संपले. दिव्याचा खांब दोघांच्या हद्दीत उभा आणि प्रकाश कोणाच्याच हद्दीत नाही. रहिवासी घरपट्टी भरतो, तरी त्याला धनी सापडत नाही.

यावर कोणी म्हणेल, तुमच्या नगरपालिकांचा कारभार तरी कोणता आदर्श आहे? तेथे गटबाजी आहे, ठेकेदारी आहे, पाणी आठवड्याला आणि भांडण रोज. हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाही. एक काम हाती घेतलेली, तज्ज्ञ असलेली, पैसा उभारू शकणारी संस्था जे काम पाच वर्षांत करील, ते नगरपालिकेला पंचवीस वर्षे होत नाही, हे ट्रस्टच्या रस्त्यांनी दाखविले आहे. म्हणून मंडळेच नकोत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु निवडलेली सभा नसली म्हणजे काय होते, याचाही अनुभव आपण नुकताच घेतला आहे. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपालिकांची मुदत संपली, आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे राज्यातील बहुतेक नगरपालिकांवर, आपल्या जिल्ह्यातल्या नगरपालिकांवरही, प्रशासक बसले होते. काही ठिकाणी कामे झालीही असतील. पण प्रभागातल्या बाईने नळाची तक्रार घेऊन कोणाच्या दारी जावे, हे तिला ठाऊक नव्हते. गावाची सभाच जेथे चार वर्षे भरली नाही, तेथे नगरपालिका आणि एखादे नेमलेले मंडळ यांत फरक तो काय उरला?

वरळीच्या चाळींची कथा आता नव्या वळणावर आहे. २०१७ मध्ये त्यांच्या पुनर्विकासाचा नारळ फुटला, काम म्हाडाकडे आले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना हे सुख लाभले, याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. पण बोळ गेला आणि उद्वाहक आला. सामाईक नळ गेला आणि देखभालीचे बिल येणार. ती देखभाल कोणी ठरवायची, हिशोब कोणी तपासायचा, हे प्रश्न त्या उंच इमारतींतही तसेच उभे राहणार आहेत. चाळीत जमा केलेले शंभर वर्षांचे कारभाराचे शिक्षण तेथे कामाला आले, तरच ती घरे खऱ्या अर्थाने त्यांची होतील.

या इतिहासावरून आम्ही तीन साध्या गोष्टी मांडतो. वस्तीसाठी नेमलेल्या प्रत्येक मंडळावर त्या वस्तीत राहणाऱ्यांनी निवडलेला प्रतिनिधी असावा. भाडेकरू असला तरी असावा. मंडळाचा जमाखर्च वर्षातून एकदा त्या वस्तीत, लोकांसमोर, मराठीत वाचून दाखवावा. आणि मंडळाचे काम संपून वस्ती नगरपालिकेकडे केव्हा जाईल, ती तारीख पहिला दगड बसण्यापूर्वी कागदावर लिहावी. यांपैकी एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही.

१०० वर्षांपूर्वी खामगावच्या गाठीमागे १ रुपया गेला, तेव्हा तो कशासाठी आणि कोणाच्या हुकमाने गेला, हे विचारण्याची सोय ना इथल्या शेतकऱ्याला होती, ना तिथल्या कामगाराला. आज आपल्याला ती सोय आहे. घरपट्टीची पावती हातात आली की ती घडी घालून फडताळात ठेवण्याआधी, तिच्यावर कोणत्या संस्थेचे नाव आहे आणि त्या संस्थेवर आपला कोण बसला आहे, एवढे प्रत्येकाने पाहावे, अशी आमची या सभेला विनंती आहे.